सासूबाईंची दाढ आणि ससाण्याचं जेवण

सासूबाईंनी अखेर जावयासमोर तोंड उघडलं. बोलायला ते नेहमीच उघडं असायचं; तपासायला म्हणून उघडलं ते मात्र आज पहिल्यांदाच.

जावई दातांचे डॉक्टर होते. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. एका खोलीत खुर्ची, दुसरीत पेशंटांची बसायची जागा, आणि मागचं दार ढकललं की थेट स्वयंपाकघर. सासूबाई लेकीकडे राहायला आल्या की त्यांची दुखरी दाढ आणि जावयाची पक्कड यांच्यामध्ये फक्त एक भिंत उरायची. पण ती भिंत सासूबाईंनी इतक्या वर्षांत ओलांडू दिली नव्हती.

"जावयानं सासूच्या तोंडात हात घालायचा म्हणजे काय? बरं दिसतं का ते?" असं त्या चारचौघांत म्हणायच्या. लेकीला मात्र खरं कारण सांगायच्या. "माणूस सोन्यासारखा आहे गं तुझा. पण दात काढायला सोन्यासारखा माणूस काय कामाचा? तिथे चांगला खाष्ट हवा."

यात तथ्य होतं. डॉक्टरांचा हात चांगला होता, शिक्षण चांगलं होतं, पण समोरच्याला दुखेल या कल्पनेनं आधी तेच कण्हायला लागायचे. पेशंट खुर्चीत टेकला रे टेकला की ते विचारायचे, "दुखतंय का?" हातमोजे चढवताना विचारायचे, दिवा सरकवताना विचारायचे. गावात त्यांना सगळे पाठीमागे 'दुखतंय-का डॉक्टर' म्हणायचे, आणि हे त्यांना माहीत होतं.

या वेळी मात्र दाढेनं उचल खाल्ली. गाल टम्म फुगला. रात्रभर कण्हणं ऐकून ऐकून लेकीचा धीर सुटला आणि सकाळी ऑफिसला जाता जाता तिनं उंबऱ्यातूनच दम भरला, "आई, संध्याकाळी मी येईन तेव्हा या घरात एक तर तू राहशील, नाहीतर ती दाढ!" सासूबाईंनी जन्मभर शाळा चालवली होती. दम देणाऱ्या माणसाला खराखुरा दम कळतो. त्या मुकाट्यानं उठल्या, पदर खोचला आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं.

"सुई तुमच्या हातात आहे. मला कशाला दुखेल?"

"नाही, नाही. पण दुखलं तर लगेच सांगा हं."

"सांगणार नाही तर काय गाणार?"

डॉक्टरांनी डोळे जवळजवळ मिटूनच इंजेक्शन दिलं. हळूहळू भूल चढली. सासूबाईंची जीभ जड झाली, ओठ आपला की परका कळेनासा झाला, आणि जिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, ती वाणी पहिल्यांदाच स्वरांवर आली. व्यंजनं म्हणून एक शिल्लक राहिलं नाही.

खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं. समोर आकाश दिसलं की पेशंटची भीती कमी होते, असं डॉक्टरांनी कुठेसं वाचलं होतं. औषधांचा वास जावा म्हणून खिडकी वीतभर उघडी होती. खिडकीबाहेर एसीचं बाहेरचं खोकं लोखंडी पट्ट्यांवर बसवलेलं होतं. डॉक्टर पाठ फिरवून पक्कड निवडत होते, आणि मोठीनं सासूबाईंना जास्त दुखेल की छोटीनं, अशा नेहमीच्या पेचात होते. तेवढ्यात त्या खोक्यावर धप्पकन काहीतरी आदळलं.

"आआआ!" सासूबाई किंचाळल्या.

डॉक्टर गर्रकन वळले. "दुखतंय का? पण मी अजून हातसुद्धा लावला नाही!"

"आआ! ईईई!" सासूबाई बोट दाखवू लागल्या.

"कुठे? खालच्या बाजूला?" बोटाच्या दिशेनं बघायचं सोडून डॉक्टर त्यांच्या तोंडात डोकावले. सवयच तशी होती.

शाळेत असताना खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराची हनुवटी धरून सासूबाई त्याचं तोंड फळ्याकडे वळवत असत. तोच हात आज उलटा चालला. त्यांनी जावयाची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

खोक्यावर एक ससाणा बसला होता. पाठ पावसाळी ढगासारखी करडी, छातीवर बारीक आडव्या रेघा, डोळ्यांभोवती पिवळं कडं, आणि गालावर अशा काळ्याभोर मिशा की जणू नुकताच केशकर्तनालयातून आला असावा. त्याच्या पिवळ्या पंजाखाली एक कबूतर होतं. कबुतराचे सगळे प्रश्न वरच्या वरच सुटलेले होते. ससाण्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, काचेतून डॉक्टरांकडे पाहिलं, हा माणूस दखल घेण्यासारखा नाही असं ठरवलं, आणि पिसं उपटायला सुरुवात केली.

"आई, तुम्ही बघू नका!" असं म्हणून डॉक्टर पडदा ओढायला धावले. पण सासूबाईंनी त्यांचं मनगट असं पकडलं की ससाण्यानंही एकदा कौतुकानं बघावं.

"आ! आआ!" म्हणजे 'खबरदार!'. हे मात्र डॉक्टरांना बरोबर कळलं.

पिसं उडू लागली. करडी, पांढरी, मऊ पिसं वाऱ्यावर गिरक्या घेत वीतभर उघड्या खिडकीतून आत यायला लागली. एक दिव्यावर बसलं. एक डॉक्टरांच्या मास्कला चिकटलं. एक अलगद तरंगत तरंगत सासूबाईंच्या वरच्या ओठावर येऊन विसावलं. पण भूल चढलेल्या ओठाला त्याची जाणीवच नव्हती. मिशा लावल्यासारखं ते पीस तिथेच फुरफुरत राहिलं, आणि त्यांची नजर काही ससाण्यावरून हलेना.

डॉक्टरांनी खिडकी लावायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी दुसरंही मनगट धरलं. आता डॉक्टर दोन्ही हातांनी जेरबंद होते. पिसं तोंडात जातील या काळजीनं त्यांनी कोपरानं थुंकी ओढणाऱ्या नळीचं बटण दाबलं. नळीनं पहिल्याच झटक्याला एक मोठंसं पीस गिळलं, घुर्रर्र असा आवाज केला, आणि तिचा घसा बसला.

नेमक्या याच वेळी दवाखान्यातल्या मावशी उकळलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन आत आल्या. मावशी दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून कामाला होत्या. रक्त, पू, आरडाओरडा, सगळं त्यांनी बघितलं होतं. पण मिशा आलेल्या सासूबाई आणि त्यांनी दोन्ही हात धरून ठेवलेले डॉक्टर, हे काही बघितलं नव्हतं. त्यांनी आधी ते बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि ट्रे सोडून दिला.

"अगंबाई! मारलं! मारलं हो!"

ट्रेचा खणखणाट बाहेरच्या खोलीत पोचला. त्यापाठोपाठ 'मारलं'ही पोचलं.

बाहेर गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ बसले होते. नवशिक्यांच्या शेजारी बसून भर रस्त्यात हिंडणारा हा शूर माणूस दवाखान्यात मात्र नेहमी दाराजवळची खुर्ची पकडायचा. 'मारलं' ऐकताच पायाखाली ब्रेक शोधावा तसा त्यांचा उजवा पाय जमिनीवर आपटला, आणि ब्रेक लागेना तेव्हा ते सरळ जिन्याकडे सुटले. जाता जाता समोरच्या दारातल्या बाईंना ओरडून सांगून गेले, "डॉक्टरांनी मारलं!"

"कुणाला?"

"आत सासूबाई होत्या!"

"अरे देवा! इतका गरीब माणूस!" बाई म्हणाल्या आणि पायात चपला अडकवल्या.

बाहेर उरले एक निवृत्त समालोचक. त्यांनी हयातभर रेडिओवरून खेळांचं धावतं वर्णन केलं होतं. आज त्यांचाही एक गाल फुगलेला होता, पण आवाजाला काही धक्का लागला नव्हता. आत गडबड आहे म्हटल्यावर त्यांना बसवेना. त्यांनी दार ढकललं, खिडकीबाहेरचा प्रकार पाहिला आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"नमस्कार! खिडकीबाहेर स्वच्छ ऊन पडलेलं आहे, वारा मंद आहे, आणि आपण बघतो आहोत एक अत्यंत रंगतदार सामना! अर्थात सामना कसला, एकतर्फीच आहे! ससाण्यानं डावा पाय रोवलेला आहे, मान खाली गेलेली आहे, आणि हे आणखी एक पीस, हे आणखी एक..."

"अहो, हळू!" डॉक्टर काकुळतीला आले. "तो उडून जाईल!" आपण हे का म्हणालो, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. क्षणभरापूर्वी तो उडून जावा अशीच त्यांची इच्छा होती.

"आआ!" सासूबाईंनी डॉक्टरांना दुजोरा दिला. जावयाला सासूबाईंचा दुजोरा मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

समालोचकांनी आवाज खाली आणला. पण खालच्या आवाजातही ते जिन्यापर्यंत ऐकू जात होते, आणि जिन्यात आता गर्दी जमली होती. सासूचं काय झालं ते बघायला जे आले होते ते आता ससाण्याचं काय चाललंय ते ऐकत उभे होते. मागचे पुढच्यांना विचारत होते, "आता काय खातोय?" पुढचे आत विचारत होते. समालोचक मान न वळवता सांगत होते, "छाती! छाती चालू आहे!"

मावशी एव्हाना सावरल्या होत्या. त्यांनी फोन काढून सगळ्याचं चित्रण केलं आणि मोठ्या कर्तव्यबुद्धीनं ते डॉक्टरांच्या बायकोला पाठवून दिलं. घरची माणसं काळजीत नकोत, एवढाच त्यांचा हेतू होता.

फोन लगेच वाजला. डॉक्टरांचे हात मोकळे नव्हते, म्हणून मावशींनी तो स्पीकरवर टाकून त्यांच्या कानाशी धरला.

"काय केलंस तू माझ्या आईला?"

"मी काही केलं नाही गं! त्यानं केलं!"

"कुणी?"

"ससाण्यानं!"

"ससाण्यानं आईला?"

"कबुतराला! आई बऱ्या आहेत!"

"मग तिच्या तोंडाला पिसं कशी लागली?" पलीकडून हुंदका आला. "काय खायला घातलंस तिला?"

डॉक्टरांना दातखीळ बसायची वेळ आली. "अगं, त्या नाही, तो खातोय! त्या फक्त बघताहेत! आई, तुम्हीच सांगा हो तिला."

मावशींनी फोन सासूबाईंच्या तोंडाशी नेला. सासूबाईंनी लेकीला नीट समजावून सांगितलं. "आआ, ईई आऊ, आआआ ओ."

बायको एवढंच म्हणाली, "मी निघालेच," आणि फोन बंद झाला.

तोवर गर्दीला बाजूला सारत वरच्या मजल्यावरच्या काकू आत शिरल्या. हातात झाडू होता. रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायचं व्रतच त्यांनी घेतलं होतं, आणि त्या कबुतरांनी खालच्या सगळ्या गाड्या रंगवण्याचं.

"तो माझा आहे!" काकू गरजल्या.

"कोण? ससाणा?" समालोचकांनी आदरानं विचारलं.

"कबूतर! तो मानेवर पांढरा ठिपका असलेला! माझ्या हातून दाणे खायचा! बघत काय उभे राहिलात सगळे? सोडवा त्याला!"

"काकू, आता सोडवून काय उपयोग?" डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणजे... तो बराचसा संपलाय."

"तुम्ही डॉक्टर ना? मग काहीतरी करा!"

"मी दातांचा आहे हो. आणि त्याला दातच नाहीत. दोघांनाही नाहीत!"

काकूंनी झाडू उगारला आणि खिडकीकडे झेप घेतली. डॉक्टरांनी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत एक विलक्षण गोष्ट घडली. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, काकूंच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि मुळीच न ओरडता, शांतपणे म्हणाल्या, "ऊऊ."

त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही. पण सगळी खोली हाताची घडी घालून उभी राहिली. जिन्यातली कुजबुजही थांबली. काकूंनी झाडू खाली घेतला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी मान उंच करून विचारलं, "मानेवर ठिपका दिसतोय का कुणाला? कदाचित माझा नसेलही." मावशींनी निरखून बघून सांगितलं, "ठिपका नाही हो, काकू." मान आता जागेवरच नव्हती, हे मावशींनी सांगितलं नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी स्टूल खिडकीच्या जरा जवळ सरकवलं.

ससाण्याला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. तो खात होता. डॉक्टरही आता बघू लागले होते, आणि बघता बघता त्यांच्यातला कसबी माणूस जागा झाला. काय पकड होती! काय नेम होता! ससाणा घाई करत नव्हता आणि चाचपडतही नव्हता. पाय रोवायचा, चोच नेमकी जागा हेरून घट्ट मिटायची, मान किंचित वळवायची, आणि मग सगळ्या अंगाचा भार मागे टाकून एकच ओढ. सट्ट! पुन्हा पाय, पुन्हा चोच, पुन्हा ती छोटीशी फिरकी. आणि एकदाही तो कबुतराला विचारत नव्हता, दुखतंय का म्हणून.

सासूबाईंनी त्यांचे हात केव्हाच सोडले होते. नकळत डॉक्टरांनी मघाशी निवडायला मांडलेल्यांतली एक पक्कड उचलली. मोठी की छोटी, हे बघितलंसुद्धा नाही. भूल उतरायच्या आत काम व्हायला हवं होतं, हे खरं. पण त्या क्षणी भुलीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. सासूबाईंचं तोंड ससाण्याच्या कौतुकानं आपोआप वासलेलं होतं. इतकं सुंदर वासलेलं तोंड डॉक्टरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी डावा पाय खुर्चीच्या बुडाशी रोवला. पक्कड आत गेली, दाढेवर अलगद बसली, मिटली.

"आता तो शेवटच्या घासाकडे वळलेला आहे!" समालोचकांचा आवाज पुन्हा चढला. "पंख फुलवतोय! काहीतरी घडणार, नक्की काहीतरी घडणार!"

"आआ!" सासूबाई एकदम ओरडल्या.

'काढा!' डॉक्टरांना स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी मनगटाला छोटीशी फिरकी दिली, अंगाचा भार मागे टाकला आणि एकच ओढ घेतली. सट्ट!

त्याच क्षणी ससाण्यानं उरलेलं कबूतर पंजात घट्ट धरलं, खोक्यावरून झेप घेतली, क्षणभर सगळी खिडकी पंखांनी भरून गेली, आणि तो समोरच्या उंच इमारतीवरून दिसेनासा झाला.

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. जिन्यातून शिट्ट्या आल्या. "अफलातून!" समालोचक ओरडले. "केवळ अफलातून!" काकूंनी झाडू हवेत उंचावला. डॉक्टरांनी पक्कड वर धरली होती, पकडीत मुळांसकट अख्खी, निर्दोष, देखणी दाढ होती, आणि इतकी वर्षं 'दुखतंय का' विचारण्यात घालवलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले होते. त्यांनी टाळ्यांना मान लववून दाद दिली. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं.

तरी पुढचं सगळं त्यांनी कसं रुबाबात केलं. कापसाचा बोळा दाबला. मावशींना म्हणाले, "आईंना सूचना द्या." मावशींनी दिल्या: त्या बाजूनं खायचं नाही, तिथे जीभ लावायची नाही, बोळा घट्ट चावून धरायचा, आणि आज जास्त बोलायचं नाही. सासूबाईंनी हाताच्या खुणेनं सगळ्यांना घालवलं, आत जाऊन पडल्या, आणि रात्रभर दाढेनं जागवलेल्या त्यांना शांत झोप लागली. बायको धापा टाकत आली, आईचा श्वास चालू आहे हे बघितलं, नवऱ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, आणि आईच्या ओठावरचं पीस हळूच काढून घेतलं. डॉक्टर दिवसभर तरंगत होते. समालोचकांची दाढ तर त्यांनी काहीही न विचारता भरून टाकली. समालोचकांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. "डॉक्टर, आज विचारलं नाहीत ते?" ते म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई उठल्या. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी गार सूप प्यायलं, तेही सूचनेप्रमाणे दुसऱ्या बाजूनं, आणि वाणी परत आलीये याची खात्री पटताच लेकीला सगळी हकिगत सांगायला घेतली.

"काय तो डौल! काय ती नजर! एवढं लोकांनी घर भरलं, पण पठ्ठ्या विचलित झाला नाही. आपलं काम आणि आपण. मी जन्मभर मुलांना एकाग्रता शिकवली, पण ती दिसते कशी ते आज बघितलं."

डॉक्टर समोर बसून वाट बघत होते. आता दाढेचं येईल, आता येईल.

"सगळं छान झालं," सासूबाई शेवटी सुस्कारा टाकून म्हणाल्या. "फक्त त्या नादात दाढ काढायची राहून गेली."

डॉक्टरांच्या हातातला चमचा बशीत पडला.

"जाऊ दे, यांचा तरी काय दोष? यांचंही लक्ष खिडकीकडेच होतं. पण एक सांगते, दुखणं मात्र पार थांबलंय. भूल चांगली देता हो तुम्ही, आणि तो औषधाचा बोळाही गुणाचा."

डॉक्टर उठले, दवाखान्यात गेले, आणि एक छोटी डबी आणून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. सासूबाईंनी ती उघडून बघितली.

"ही कुणाची?"

"तुमची."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग दिवसभर पाळलेली शिस्त पहिल्यांदा मोडून त्यांनी हळूच जीभ तिथे नेली. जीभ गेली ती बराच वेळ परत आली नाही.

"कधी काढलीत?"

"तुम्ही 'काढा' म्हणालात ना, तेव्हा."

"मी? मी कधी 'काढा' म्हणाले?"

"तो उडायच्या आधी. 'आआ' म्हणालात."

"'आआ' नाही! 'आंआ'!" सासूबाई ताठ बसल्या. "'थांबा' म्हणाले मी! त्याला म्हणाले! तो निघाला होता ना! 'आंआ' आणि 'आआ' यात फरक आहे. मी स्पष्ट अनुस्वार दिला होता!"

"मला ऐकू नाही आला, आई."

"अनुस्वार खाल्लात तुम्ही!"

बायकोनं तोंडाला पदर लावायचा प्रयत्न केला, पण ती ड्रेसमध्ये होती. शेवटी तिनं तोंडात रुमाल कोंबला आणि टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली. टेबल हलायला लागलं.

परवानगी नसताना सासूबाईंची दाढ काढली होती. बोलायला काही नसलं की डॉक्टरांच्या तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "दुखलं का?"

सासूबाई उत्तर द्यायला सरसावल्या, आणि थांबल्या. त्यांनी आठवून बघितलं. ससाणा आठवला, पिसं आठवली, तो काकूंचा झाडू आठवला. दुखल्याचं कुठे आठवेना.

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. मग स्वतःलाच नवल वाटल्यासारखं पुन्हा म्हणाल्या, "नाही हो. खरंच नाही दुखलं." त्यांनी डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "तिच्या शेजारचीही हलते आहे जरा. केव्हापासून हलतेय. म्हटलं कशाला कुणाला सांगा."

"बघू या का?" डॉक्टरांनी जपून विचारलं.

"बघा की. पण केव्हा काढणार ते मला सांगायचं नाही. आणि विचारायचं तर मुळीच नाही."

पुढच्या आठवड्यात सासूबाई स्वतःहून खुर्चीत येऊन बसल्या. इंजेक्शन झालं, भूल चढली, मावशींनी खिडकी पूर्ण उघडली. समालोचक काही काम नसताना येऊन बसले होते. पण एसीच्या खोक्यावर कुणीच नव्हतं. आकाश निळं आणि रिकामं होतं. सासूबाई ओठ मिटून खिडकीकडे बघत होत्या. डॉक्टर पक्कड पाठीमागे लपवून खिडकीकडे बघत होते. सगळेच बघत राहिले.

बऱ्याच वेळानं पंखांची फडफड झाली आणि पावाचा एक वाळका तुकडा चोचीत धरून एक कावळा खोक्यावर येऊन बसला. त्यानं तुकडा पायाखाली घेतला, टोचायला गेला, तर तो सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला.

"आई," डॉक्टर हळूच म्हणाले, "कावळा चालेल का?"

नापास होता होता राहिलेल्या मुलाकडे बघावं तसं सासूबाईंनी त्या कावळ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग एक निःश्वास सोडला, आणि आ केला.